अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतील राजकीय वर्तन आणि जनमानस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणूक जवळ आली की मराठी वाचकांकडून येणारे प्रश्न साधारण दोन प्रकारचे असतात. भारतातील वाचक विचारतात की तिकडे हे सगळे चालते तरी कसे. तिकडे राहणारे विचारतात की आपण काय करावे आणि काय टाळावे. पुन्हा पुन्हा आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. निवडणुकीचे बहुतेक नियम तेथे राज्यागणिक बदलतात. म्हणून प्रत्यक्ष काही करण्यापूर्वी आपल्या राज्याचा नियम पाहून घ्यावा.

१. अमेरिकेत आपल्यासारखी आचारसंहिता लागते का?

नाही, आणि पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ याच उत्तरात आहे. आपल्याकडे निवडणूक आयोगाने कार्यक्रम जाहीर केला की त्या क्षणापासून नव्या योजनांच्या घोषणा थांबतात, मंत्र्यांना प्रचारासाठी सरकारी गाडी वापरता येत नाही आणि कोनशिला झाकल्या जातात. अमेरिकेत असा दिवस उजाडतच नाही. तेथील संघीय निवडणूक आयोग प्रचाराच्या पैशावर लक्ष ठेवतो. मतदान घेण्याचे काम राज्यांचे आणि काउंट्यांचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे) आहे. आणि उमेदवाराच्या भाषेला संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीचे भक्कम संरक्षण आहे. सरकारी नोकरांनी पदाचा वापर प्रचारासाठी करू नये असे सांगणारा १९३९चा हॅच कायदा आहे खरा, पण त्याच्या नागरी तरतुदींतून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष वगळलेले आहेत. त्यामुळे ऑगस्ट २०२०मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पक्षाची उमेदवारी स्वीकारण्याचे भाषण व्हाइट हाउसच्या हिरवळीवरून, समोर खुर्च्या मांडून बसवलेल्या समर्थकांपुढे केले, तेव्हा टीका पुष्कळ झाली, कारवाई मात्र झाली नाही. अलीकडचे अध्यक्ष असे करणे टाळत आले होते, ते केवळ प्रघात म्हणून. अमेरिकी निवडणुकीतील सभ्यतेचा मोठा भाग अशा प्रघातांवर उभा आहे, आणि प्रघात मोडणाऱ्याला दंड होत नाही.

२. हा निवडणुकीचा हंगाम नेमका केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो?

अधिकृत सुरुवात नाही. उमेदवार वर्ष-दीड वर्ष आधी रिंगणात उतरतात, निवडणुकीच्या वर्षी जानेवारीपासून पक्षांतर्गत लढती होतात, उन्हाळ्यात पक्षांची अधिवेशने भरतात आणि नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान होते. मंगळवारचा हा नियम १८४५ सालचा आहे. त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. डिसेंबरात अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाचे सदस्य मते देतात, ६ जानेवारीला संसदेत ती मोजली जातात आणि २० जानेवारीला दुपारी बारा वाजता नवा अध्यक्ष सूत्रे घेतो. मतदान ते शपथविधी हे सुमारे अकरा आठवडे वर्तनाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. त्याविषयी प्रश्न ५ पाहावा.

३. जास्त मते मिळवूनही उमेदवार हरतो, हे लोक मान्य कसे करतात?

पूर्वी फारशी कुरकुर न करता मान्य करत. आता कुरकुर करत मान्य करतात. अध्यक्ष ५३८ सदस्यांच्या निर्वाचक मंडळाकडून निवडला जातो आणि जिंकण्यासाठी २७० मते लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात जो पुढे असेल त्याला मंडळातील त्या राज्याच्या वाट्याची सगळी मते मिळतात. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते जास्त मिळाली आणि तरी त्या हरल्या. २०००मध्ये अल गोर यांच्या बाबतीत असेच घडले. फ्लोरिडातील ५३७ मतांनी निकाल फिरला.

या पद्धतीचा परिणाम प्रचाराच्या वागणुकीवर फार खोलवर होतो. कॅलिफोर्नियाची ५४ मते कोणाची हे आधीच ठाऊक असते, म्हणून उमेदवार तेथे मते मागायला नव्हे, निधी गोळा करायला जातात. २०२४मध्ये सारा जोर पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेव्हाडा या सात राज्यांवर होता. फिलाडेल्फियाच्या उपनगरात ऑक्टोबर महिन्यात टपालपेटी उघडली की जाड, गुळगुळीत कागदावरची प्रचारपत्रके निघतात. एकात उमेदवार नातवंडांसह हसत असतो, तर दुसऱ्यात त्याचाच काळवंडलेला, दाणेदार छपाईतला चेहरा आणि खाली लाल अक्षरांत आरोप. संध्याकाळी दारावर स्वयंसेवक येतात, फोनवर संदेशांची रीघ लागते. डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेले की दारावर कोणी फिरकत नाही. फिलाडेल्फियाच्या वाहिन्या दोन्ही काठांवर दिसत असल्याने टीव्हीवरच्या जाहिराती मात्र तिकडच्यांनाही निष्कारण सोसाव्या लागतात.

४. निकाल कोण जाहीर करते? आणि २०२०मध्ये इतके दिवस का लागले?

मतदानाच्या रात्री संपूर्ण देशाचा निकाल जाहीर करणारी सरकारी यंत्रणा तेथे नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८पासून हे काम करत आली आहे. वाहिन्यांची स्वतःची पथकेही असतात. राज्यांचे अधिकृत प्रमाणीकरण नंतर काही आठवडे चालते. २०२०मध्ये साथीमुळे टपालाने आलेली मते प्रचंड होती आणि पेन्सिल्व्हेनिया व विस्कॉन्सिनमध्ये ती पाकिटे मतदानाच्या दिवसाआधी उघडण्यास कायद्याने मनाई होती. टपालाने मत देणाऱ्यांत डेमोक्रॅट अधिक होते, कारण ट्रम्प यांनी आपल्या समर्थकांना त्या पद्धतीविषयी वारंवार साशंक केले होते. साहजिकच रात्री ट्रम्प पुढे दिसले, पुढच्या दिवसांत बायडन पुढे सरकले, आणि शनिवारी, ७ नोव्हेंबरला, वृत्तसंस्थांनी निकाल सांगितला. मोजणीच्या क्रमामुळे असे होणार हे जाणकार आधीपासून सांगत होते; तरी झोपताना पुढे असलेला आपला उमेदवार सकाळी मागे पडलेला पाहणाऱ्या मतदाराच्या मनात संशय रुजवणे अवघड नव्हते, आणि तो रुजवला गेला.

५. हरलेल्या उमेदवाराने पराभव मान्य करणे कायद्याने बंधनकारक आहे का?

नाही. पराभव मान्य करण्याला कायद्यात काडीचेही स्थान नाही. तो मान्य केल्याने कोणी हरत नाही आणि नाकारल्याने कोणी जिंकत नाही. तरीही अमेरिकी निवडणुकीतील सर्वांत महत्त्वाचा प्रघात कोणता असे विचारले तर हाच सांगावा लागेल, कारण हरलेल्या बाजूचे कोट्यवधी मतदार निकालाकडे कसे पाहायचे हे आपल्या उमेदवाराकडे पाहून ठरवतात.

१८९६मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी विजयी मॅकिन्ली यांना अभिनंदनाची तार केली, तेव्हापासून ही रीत रुळली. तिची सर्वांत कठीण परीक्षा २०००मध्ये झाली. गोर यांनी मतदानाच्या रात्री जॉर्ज बुश यांना फोन करून पराभव मान्य केला, नॅशव्हिलमध्ये भाषणासाठी निघाले, वाटेत फ्लोरिडातील फरक वितळत असल्याचे कळले आणि त्यांनी पुन्हा फोन करून शब्द मागे घेतला. पुढे पाच आठवडे खटले चालले. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली. दुसऱ्या दिवशी गोर यांनी निकालाशी आपण तीव्र असहमत आहोत, पण तो स्वीकारतो, असे देशाला सांगितले. यापुढचा प्रसंग फारसा आठवला जात नाही. ६ जानेवारी २००१ रोजी उपाध्यक्ष या नात्याने मतमोजणीच्या सभेचे अध्यक्षस्थान गोर यांच्याकडेच होते. त्यांच्याच पक्षाचे कनिष्ठ सभागृहातील प्रतिनिधी एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांना हरकत घेत होते, आणि हरकतीवर एकाही सेनेटरची (वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याची) सही नसल्याने गोर स्वतः ती फेटाळत होते.

२००८मध्ये पराभव मान्य करताना जॉन मॅकेन यांनी ओबामांचे नाव घेताच फीनिक्समधील त्यांच्या समर्थकांनी नापसंतीचा गलका केला. मॅकेन यांनी हात उंचावून त्यांना गप्प केले. २०२०मध्ये ट्रम्प यांनी पराभव मान्य केला नाही, डझनावारी खटले हरले, ६ जानेवारी २०२१ला त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदभवनात घुसला, आणि उत्तराधिकाऱ्याच्या शपथविधीला ते गेले नाहीत. याचे वर्णन ‘दोन्ही बाजूंनी थोडेफार असतेच’ असे करणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. २०२४मध्ये कमला हॅरिस यांनी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला आणि ६ जानेवारी २०२५ला, गोर यांच्याप्रमाणेच, स्वतःच्या पराभवाची मोजणी स्वतः वाचून दाखवली.

६. मग २०२०नंतर कायदा काही बदलला का?

बदलला. २०२२च्या सुधारणा कायद्याने उपाध्यक्षांची ६ जानेवारीची भूमिका केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले. पूर्वी एक प्रतिनिधी आणि एक सेनेटर मिळून एखाद्या राज्याच्या मतांना हरकत घेऊ शकत. आता दोन्ही सभागृहांतील प्रत्येकी एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. हा कायदा मोजणीपुरता आहे. पराभव मान्य करण्याची सक्ती त्याने केलेली नाही, आणि तशी करताही येणार नाही.

७. प्रचाराची भाषा अलीकडेच इतकी घसरली, की पूर्वीही अशीच होती?

पूर्वीची भाषा काही बाबतींत आजच्यापेक्षा वाईट होती. १८००मध्ये थॉमस जेफरसन यांना नास्तिक ठरवणारी वृत्तपत्रे होती आणि जॉन ॲडम्स यांच्यावर तुटून पडणाऱ्या एका लेखकाला जेफरसन स्वतः पैसे देत होते. १८२८मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नी रेचेल यांचा पहिल्या पतीपासूनचा घटस्फोट पूर्ण होण्याआधी दुसरा विवाह झाला होता, या कारणावरून विरोधी पत्रांनी त्यांना व्यभिचारिणी म्हटले. निकालानंतर डिसेंबरात त्यांचा मृत्यू झाला, आणि जॅक्सन यांनी त्याबद्दल विरोधकांना कधी क्षमा केली नाही.

फरक आहे तो चिखल कोणाच्या हातात असतो याचा. एकोणिसाव्या शतकात उमेदवाराने स्वतः मते मागत फिरणे हलकेपणाचे समजत. शिवीगाळ वृत्तपत्रे आणि हस्तक करत, उमेदवार घरी बसून सभ्य राही. आता उमेदवार स्वतःच मंचावरून प्रतिस्पर्ध्याला टोपणनावे ठेवतो आणि सभा ती घोकते. म्हणून समर्थकांना आवर घालण्याची जबाबदारी उमेदवारावर पूर्वीपेक्षा जास्त येते. ऑक्टोबर २००८मध्ये मिनेसोटातील लेकव्हिल येथे एका महिलेने ध्वनिक्षेपक हातात घेऊन ओबामा ‘अरब’ असल्याचे म्हटले, तेव्हा मॅकेन यांनी मान हलवत ध्वनिक्षेपक परत घेतला आणि ओबामा हे सभ्य कुटुंबवत्सल नागरिक असून आपले त्यांच्याशी केवळ मतभेद आहेत, असे सांगितले. अरब असणे आणि सभ्य असणे यांत जणू विरोध आहे असे ते उत्तर होते, हा आक्षेपही रास्तच आहे. पण स्वतःच्या सभेत स्वतःच्या मतदाराला खोडून काढणारा उमेदवार त्यानंतर क्वचितच दिसला.

८. उमेदवारावर हल्ला झाला तर विरोधक कसे वागतात?

१४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकीत थिओडोर रूझवेल्ट यांना गोळी लागली. खिशातील भाषणाचे घडी घातलेले जाड बाड आणि चष्म्याची डबी यांमुळे ते वाचले, आणि तशा अवस्थेत त्यांनी भाषण पूर्ण केले. प्रतिस्पर्धी वुड्रो विल्सन यांनी ते बरे होईपर्यंत आपला प्रचार थांबवला. १३ जुलै २०२४ रोजी पेन्सिल्व्हेनियातील बटलर येथे ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली आणि सभेतील एक जण मृत्युमुखी पडला. बायडन यांनी हल्ल्याचा निषेध केला, जाहिराती तात्पुरत्या थांबवल्या आणि राजकारणाचा पारा खाली आणण्याचे आवाहन केले. त्या आवाहनाचा परिणाम फार दिवस टिकला नाही.

९. भारतीय वंशाच्या उमेदवारांकडे मतदार कसे पाहतात?

एका वाक्यात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. २०२४च्या हंगामात निकी हेली आणि विवेक रामस्वामी रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढले, हॅरिस डेमोक्रॅटिक उमेदवार झाल्या, आणि रिपब्लिकनांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी उषा तेलुगू कुटुंबातील आहेत. यावरून दारे उघडी आहेत हे दिसते. त्याच हंगामात रामस्वामींना आपण हिंदू असल्याविषयी आयोवातील मतदारांपुढे खुलासा करावा लागला, एका परिचित उजव्या स्तंभलेखिकेने रामस्वामींच्याच पॉडकास्टवर ‘तुम्ही भारतीय आहात म्हणून मी तुम्हाला मत दिले नसते’ अशा आशयाचे विधान तोंडावर केले, आणि हॅरिस या कृष्णवर्णीय की भारतीय असा सवाल ट्रम्प यांनी कृष्णवर्णीय पत्रकारांच्या व्यासपीठावर केला. नागपूर विद्यापीठात शिकलेल्या स्वाती दांडेकर २००२मध्ये आयोवा विधिमंडळासाठी उभ्या होत्या, तेव्हा त्यांच्या प्रतिस्पर्धी महिलेने एका ईमेलमध्ये, भारतात वाढलेली व्यक्ती इथल्या मूल्यांचे प्रतिनिधित्व कसे करणार, असे विचारले होते. दांडेकर निवडून आल्या.

१०. विरोधी पक्षाच्या घरात लोक सोयरीकही करत नाहीत, हे खरे का?

सोयरीक होते, पण तिच्याविषयीची नाराजी खूप वाढली आहे. राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये जुन्या-नव्या पाहण्यांची तुलना केली. आपल्या अपत्याने विरोधी पक्षाच्या व्यक्तीशी लग्न केले तर वाईट वाटेल असे म्हणणारे १९६०मध्ये दोन्ही पक्षांत सुमारे ५ टक्के होते. २०१०मध्ये रिपब्लिकनांत हे प्रमाण जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या काळात धोरणांवरची सामान्य मतदारांची मते इतकी दूर गेलेली नव्हती. समोरच्याचे मत न पटण्यापेक्षा समोरचा माणूसच न आवडणे वाढले. आंतरजातीय विवाहाला होणारा घरोघरचा विरोध जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये. मतदानानंतर दोन-तीन आठवड्यांतच थँक्सगिव्हिंग या सणाचे जेवण येते, आणि कित्येक घरांत त्या दिवशी राजकारण काढायचे नाही असे आधीच ठरवले जाते.

११. मी कोणाला मत दिले हे शेजाऱ्याला कळू शकते का?

कोणाला दिले हे नाही. दिले की नाही हे मात्र कळते. मतदान गुप्त असते, पण मतदान केल्याची नोंद सार्वजनिक असते आणि अनेक राज्यांत पक्षनोंदणीही पाहता येते. २००६मध्ये मिशिगनमध्ये झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात मतदारांना स्वतःची आणि शेजाऱ्यांची मतदानाची नोंद छापलेले पत्र पाठवले, आणि त्या घरांतील मतदान सुमारे ८ टक्के गुणांनी वाढले. ‘लोक काय म्हणतील’ हे फक्त आपल्याकडेच चालते असे समजण्याचे कारण नाही. देणग्यांविषयी प्रश्न १५ पाहावा. तेथे उघडेपणा याहून अधिक आहे.

१२. घरासमोर उमेदवाराची पाटी लावली किंवा प्रचाराची टोपी घातली तर चालते का?

स्वतःच्या घरावर पाटी लावण्याच्या हक्कावर सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये लड्यू शहराच्या खटल्यात शिक्कामोर्तब केले. पण तो हक्क सरकारविरुद्ध आहे. गृहनिर्माण संघटनेचे नियम वेगळे असू शकतात आणि काही राज्यांनीच त्यांना लगाम घातला आहे. कार्यालयातही हेच. पहिली दुरुस्ती खासगी मालकाला लागू नाही, म्हणून राजकीय टोपी घालून कामावर येऊ नका असे तो सांगू शकतो. मतदान केंद्राच्या ठरावीक अंतरात अनेक राज्ये उमेदवाराचे नाव असलेले कपडे चालू देत नाहीत. जाकीट चढवून ते झाकले की काम भागते. मतपत्रिकेसोबत सेल्फी काही राज्यांत चालते, काहींत गुन्हा ठरते. न काढणे बरे.

१३. मुलगा एच-१बी व्हिसावर आणि सून ग्रीन कार्डावर आहे. त्यांना प्रचारात भाग घेता येतो का?

दोघांनाही विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करता येते : फोन करणे, पत्रके वाटणे, सभेला जाणे. ग्रीन कार्ड असलेली व्यक्ती देणगी देऊ शकते. एच-१बीवरील व्यक्ती देऊ शकत नाही. मतदान दोघांनाही निषिद्ध आहे. येथे एक सापळा आहे. वाहन परवाना काढताना समोर आलेल्या अर्जात मतदार नोंदणीचा रकाना असतो, आणि घाईत त्यावर खूण करून सही केली की आपण नागरिक असल्याचा खोटा दावा केल्यासारखे होते. त्याचे परिणाम पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर आणि देशात राहण्यावरही होऊ शकतात. सहीपूर्वी प्रत्येक रकाना वाचावा.

१४. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात उमेदवाराला बोलावता येईल का?

मंडळ ५०१(सी)(३) कलमाखाली करमुक्त असेल, आणि पुष्कळ मंडळे तशी असतात, तर जपून. १९५४मध्ये लिंडन जॉन्सन यांनी सेनेटर असताना आणलेल्या तरतुदीनुसार अशा संस्थेने कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करता येत नाही. सर्व उमेदवारांना सारख्या अटींवर बोलावून चर्चा ठेवणे चालते, पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणीचे टेबल चालते, आणि आरतीला आलेल्या उमेदवाराची पाहुणा म्हणून ओळख करून देणेही चालते. त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देऊन मते मागू देणे, किंवा मंडळाच्या ईमेल यादीवरून त्याचे निधिसंकलन कळवणे, चालत नाही. बेळगावात वाढलेले आणि मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात गेलेले श्री ठाणेदार यांच्यासारखा मराठी माणूस स्वतः उमेदवार असला की मोह आवरत नाही, हे समजण्यासारखे आहे. नियम मात्र तोच. मंडळाच्या अध्यक्षांनी वैयक्तिक पाठिंबा खुशाल द्यावा, मंडळाच्या नावाच्या कागदावर नव्हे. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटाबाबतही हेच पथ्य पाळलेले बरे. प्रार्थनास्थळांच्या बाबतीत २०२५मध्ये करखात्याने सैल भूमिका घेतल्याने वाद उभा राहिला. मंडळाने त्याचा आधार घेऊ नये.

१५. भारतात बसून उमेदवाराला पाठिंबा द्यायचा असेल तर?

शुभेच्छा देण्याला बंधन नाही. २०१६मध्ये दिल्लीत ट्रम्प यांच्यासाठी होम झाला, आणि हॅरिस यांच्या आजोबांच्या तुलसेंद्रपुरम या तमिळनाडूतील गावात त्यांच्यासाठी पूजा झाल्या. अमेरिकी कायद्याचे त्याविषयी काही म्हणणे नाही. अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याने पैसा पाठवणे मात्र पूर्ण निषिद्ध आहे.

वडिलांनी पुण्याहून पैसे पाठवले आणि अमेरिकी नागरिक असलेल्या मुलीने ते स्वतःच्या नावाने दिले तर चालेल का, असे विचारले जाते. चालणार नाही. दुसऱ्याच्या पैशाने स्वतःच्या नावे देणगी देणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि पैसा परदेशी व्यक्तीचा असेल तर दोन नियम एकदम मोडतात. मुलीने स्वतःच्या कमाईतून दिले तर अडचण नाही. २०२४च्या हंगामात व्यक्तीसाठी मर्यादा प्रत्येक निवडणुकीमागे ३,३०० डॉलर होती, आणि पक्षांतर्गत लढत व मुख्य लढत वेगवेगळ्या धरल्या जातात. एकाच उमेदवाराला दिलेली एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की देणाऱ्याचे नाव, गाव, व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्या कंपनीचे नाव संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. त्यात कचेरीतील सहकारी आले आणि सासरची मंडळीही आली.